माझा राग कुठे गेला होता

आधीच सांगून ठेवते, मी शांत बाई नाही. माहेरी म्हणायचे हिच्या नाकावर राग असतो, सासरी तेच जरा आडून म्हणायचे. ऑफिसात कुणी म्हणत नाही, पण मी मीटिंगला असणार कळलं की लोक तयारी करून येतात. हे लिहितेय ते मी शांत झाले होते त्या काळाबद्दल. त्या काळात मी आजारी होते. हे लोकांना फार उशिरा पटलं आणि काहींना अजूनही पटलेलं नाही.

इथल्या, म्हणजे सिंगापूरच्या, मराठी मंडळातली एक मैत्रीण म्हणाली, "मेधा, तुझा अनुभव लिही, इतरांना उपयोग होईल. फक्त कुणाला दुखवू नकोस." लिहिते म्हटलं. पुढच्या अटीचं मी काही बोलले नाही.

गोळ्या आल्या त्या

आम्ही बुकित बातोकला राहतो. नवरा सुहास सॉफ्टवेअरमध्ये आहे, मुलगी जुई सेकंडरी शाळेत, आणि मी रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत. बाहेरच्या कंपन्यांकडून बँकेचं काम करून घ्यायचं आणि ते ठरल्यासारखं झालं नाही तर त्यांना धारेवर धरायचं, ही माझी नोकरी. थोडक्यात, मला भांडायचा पगार मिळतो.

ऑफिसच्या तपासणीत माझा रक्तदाब जरा वर निघाला. क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी एक साधी गोळी सुचवली. मी आपल्याकडे सगळे म्हणतात तेच म्हणाले: एकदा सुरू झाली की ती जन्माची मागे लागते, त्यापेक्षा आधी चालून बघते, मीठ कमी करते. मी चालले नाही आणि मीठही कमी केलं नाही. पण सुहासने ही बातमी नाशिकला त्याच्या मोठ्या बहिणीला, म्हणजे शैलाताईंना, फोनवर सांगितली.

शैलाताईंना काम सांगावं लागत नाही. त्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या ओळखीच्या वैद्यांकडे गेल्या आणि माझी लक्षणं सांगून आल्या. रक्तदाब, झोप कमी, चिडचिड. चिडचिड त्यांनी आपल्या मनाने घातली. वैद्यांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, रोज रात्री एक, महिनाभर, मग बाईंना मला एकदा दाखवा. यातलं शेवटचं वाक्य तेव्हा नाशिकहून सिंगापूरला पोचलं नाही.

गोळ्या मात्र पोचल्या. इथे पुण्यामुंबईहून कोण येतंय हे ग्रुपवर आधी कळतं. ज्याच्या बॅगेत थोडी जागा उरली असेल तो बापडा चार घरांची भाजणी, डिंकाचे लाडू आणि चष्मे घेऊन येतो. माझी बाटली अशीच कुणाच्या तरी मेतकुटाच्या पिशवीत आली आणि चोआ चू कांगच्या एका घरी उतरली. मी जाऊन घेऊन आले आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर सुंठ आणि ओव्याच्या शेजारी ठेवली. औषधांचा खण आमच्याकडे वेगळा आहे. तिथे ती ठेवावी असं कुणाच्याच मनात आलं नाही, कारण ते औषध नव्हतं. ते आपलं घरचं होतं.

रक्तदाब उतरला. शैलाताईंना आनंद झाला. "उतरतोय ना? मग आता दोन घे, म्हणजे लवकर जागेवर येईल," त्या म्हणाल्या. पहिली बाटली संपायच्या आत दुसरी आली, मग तिसरी. कुणीतरी नेहमीच येत असतं नाशिककडून.

किती छान झालीयेस

पहिल्यांदा नाक चोंदायला लागलं. मग झोप इतकी यायला लागली की संध्याकाळी भाजी निवडता निवडता डोळे मिटायचे. आणि त्यानंतर, हळूहळू, मी शांत झाले.

ऑफिसात एका कंपनीने ठरलेल्या कामाचं निम्मंच करून आणलं. पूर्वी मी त्यांना तिथल्या तिथे सोलून काढलं असतं. मी म्हटलं, ठीक आहे, उरलेलं पुढच्या वेळी करा. समोरचे दोघे एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना वाटलं हा नवा सापळा आहे. माझे साहेब मात्र खूश होते. "मेधा, यू आर सो ईझी टु वर्क विथ नाऊ," ते म्हणाले. मी थँक यू म्हटलं.

घरी तर दिवाळीच होती. सुहास मला न विचारता मित्रांना जेवायला बोलवायला लागला. ओला टॉवेल पलंगावर टाकायला लागला. सकाळी गुणगुणायला लागला! शैलाताईंनी व्हिडिओ कॉलवर माझा चेहरा बघून सांगितलं, "बघ, कसं तेज आलंय. किती छान झालीयेस गं तू." मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या वाटपावरून दरवर्षीप्रमाणे गोंधळ झाला तेव्हा मी एका कोपऱ्यात बसून राहिले, आणि तीन बायकांनी वेगवेगळं येऊन मला विचारलं की तू विपश्यना केलीस का.

मला काय वाटत होतं? काही नाही. शांत माणूस म्हणजे आतून भरलेला, तृप्त, असं लोक समजतात. माझी शांतता दुपारी बंद असलेल्या पुण्यातल्या दुकानासारखी होती. फळी लावलेली आणि आत कुणी नाही. मला दुःखही नव्हतं. कधीकधी डोळ्यांतून पाणी यायचं, पण रडू येत नव्हतं. आवडीची मालिका लावली की पहिल्या दहा मिनिटांत कंटाळा यायचा, मग तो कंटाळाही जायचा.

आपल्या भाषेत राग आणि भीती सगळी शरीरात घडते. छातीत धस्स होतं, पोटात गोळा येतो, तळपायाची आग मस्तकात जाते. यातलं काहीही माझ्या अंगात घडत नव्हतं. मला वाटलं, वय झालं.

जुईने मोडलेले नियम

आमच्या घरात हे सगळ्यात आधी जुईला कळलं. कार्टी पंधरा वर्षांची आहे आणि तिचं माझं रोज वाजायचं. वाजणं थांबल्यावर तिने काही दिवस मजा केली. मग ती मुद्दाम करायला लागली. ट्यूशन बुडवली आणि मला येऊन सांगितलं. माझी चांगली कुर्ती मैत्रिणीला दिली आणि तेही सांगितलं. शेवटी एक दिवस गणिताचा पेपर माझ्यासमोर टाकला.

"आई, आय फेल्ड."

"बरं," मी म्हटलं. "पुढच्या वेळी कर चांगलं."

"बरं? दॅट्स इट?" ती माझ्याकडे बघत राहिली. "आई, स्कोल्ड मी लाह."

हा 'लाह' इथल्या इंग्रजीचा. रागवायचा मी प्रयत्न केला, खरंच केला. आवाज चढवायचा म्हणून तोंड उघडलं, पण मागून काही येईना. "अगं, अभ्यास करायला हवा ना," एवढंच निघालं. जुई रडायला लागली. "यू डोन्ट केअर, इज इट?" म्हणाली आणि आत गेली. आणि तिच्यामागे जायला हवं हे मला समजत असूनही मी तिथेच बसून राहिले.

तिने बाबाकडे तक्रार केली. सुहास म्हणाला, "घरात कटकट नाही तर तुला काय त्रास आहे?" यात वाईट हेतू नव्हता, तो खरोखर सुखात होता. पण पोरीने हट्ट धरला म्हणून मला क्लिनिकला घेऊन गेला. तिथे वयाचं कारण निघालं, हार्मोनचं निघालं, मन खिन्न आहे का विचारलं गेलं. "आर यू टेकिंग एनी मेडिकेशन?" डॉक्टरांनी विचारलं.

"नो," मी म्हटलं. "नो, नो," सुहास म्हणाला.

आम्ही दोघांनी खरं सांगितलं होतं असं मी आजही छातीठोकपणे सांगेन. आम्हाला प्रश्न औषधांचा विचारला होता.

जिना

ऑफिसात एका दुपारी धोक्याची घंटा वाजली. सराव असला की आधी मेल येते, ती आली नव्हती. आणि धुराचा वासही येत होता. खालच्या मजल्यावर पँट्रीत काहीतरी पेटलं होतं, हे नंतर कळलं. लोक उठले, बॅगा सोडून जिन्याकडे धावले. मी स्क्रीनवरचं वाक्य पूर्ण करत होते. शेजारच्या टेबलवरच्या हुई लिंगने माझा दंड धरून ओढलं, "मेधा, गो, गो!"

जिन्यात सगळ्यांचे चेहरे मला आठवतात. कुणी पांढरं पडलं होतं, कुणी हसत होतं उगाच, एक जण आईला फोन लावत होता. सगळ्यांच्या अंगात काहीतरी उसळत होतं आणि ते त्या बळावर खाली उतरत होते. माझ्या अंगात काही उसळलं नाही. मरण आलं तरी चालेल असं वाटलं नाही, मरण हा विषयच डोक्यात आला नाही. मला इतकंच वाटलं की इथे पायरीवर बसलं तर बरं. मग भिंत सरकली, पाय गेले, आणि मी जिन्याच्या वळणावर कोसळले.

शुद्धीवर आले तेव्हा कपाळाला टाके पडले होते आणि नर्स माझा रक्तदाब पुन्हा पुन्हा घेत होती. यंत्र बिघडलंय की बाई, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आकडा फार खाली होता आणि नाडी संथ चालली होती.

वॉर्डातले दिवस

हॉस्पिटलच्या दिवसाला स्वतःची चाल असते. उजाडायच्या आत नर्स येते. रक्तदाब झोपून, मग बसून, मग उभं राहून घेते. मी उभी राहिले की आकडा गडगडायचा आणि ती "ओके आंटी, लाय डाऊन, लाय डाऊन" करत मला आडवं करायची. मग कपभर गरम माइलो आणि बिस्किटं. मग डॉक्टरांचा घोळका. मग भारतीय शाकाहारी जेवण, ज्यात रोज तीच डाळ वेगळ्या नावाने यायची. शेजारच्या कॉटवर एक म्हाताऱ्या चिनी आजी होत्या. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. त्या रोज दुपारी एक संत्रं सोलून अर्धं माझ्या टेबलावर ठेवायच्या आणि मी खाईपर्यंत माझ्याकडे बघत राहायच्या. त्या दिवसांत मला ज्याची थोडी ओढ वाटली ती त्या संत्र्याची.

ताणाची हार्मोन्स तपासायची म्हणून एक मोठी बाटली दिली. दिवसभराची आणि रात्रीची लघवी तिच्यात साठवायची. बाथरूमला जाताना बाटली घेऊन जायची, येताना घेऊन यायची. एरवी मला लाजेने मेल्यासारखं झालं असतं. तेव्हा मी ती बाटली घेऊन बाजारातून पिशवी आणावी तशी सगळ्यांदेखत चालत होते.

सुहास दोन्ही वेळा येत होता. तो घाबरला होता. मेंदूत गाठ असेल का, हृदयाचं असेल का, तो नर्सला विचारायचा, डॉक्टरांना विचारायचा, कॉरिडॉरमध्ये जाऊन फोनवर शैलाताईंना विचारायचा. त्याचे डोळे खोल गेले होते. मी त्याला "होईल ठीक" म्हणायचे आणि कूस बदलायचे. पुढे मला याचा फार राग आला. माझ्याच आजारपणात घाबरायचा हक्क मला मिळाला नाही. तोही सुहासने वापरून टाकला.

तपासणीचा निकाल आला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भरभर बोलायच्या, पण त्या दिवशी खुर्ची ओढून बसल्या. एरवी आम्ही ही हार्मोन्स जास्त झालेली बघतो, म्हणाल्या. तुमची जवळजवळ नाहीतच. मग त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि आम्ही दोघांनी पुन्हा तेच उत्तर दिलं.

हे औषध नाही

त्याच संध्याकाळी जुई माझं सामान घेऊन आली. कंगवा, गाऊन, चार्जर, तेलाची बाटली, आणि फळीवरची ती गोळ्यांची बाटली. रोज रात्री आई काय काय वापरते ते आठवून पोरीने भरलं होतं. मला हायसं वाटलं. इतके दिवस गोळ्या चुकल्या म्हणूनच बरं वाटत नसेल, असंही मनात आलं. जेवणाचा ट्रे सरकवला, दोन गोळ्या तळहातावर घेतल्या आणि पाण्याचा पेला उचलला.

"आंटी, व्हॉट इज दॅट?" नर्सने विचारलं.

"नथिंग," मी म्हटलं. "धिस इज नॉट मेडिसिन. आयुर्वेदिक."

"यू स्वॉलो, राइट?"

"येस."

"देन इज मेडिसिन, आंटी," ती म्हणाली, आणि अगदी हळूच, लहान मुलाच्या हातातलं काढून घ्यावं तशा गोळ्या माझ्या तळहातावरून उचलल्या.

बाटली डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या ती घेऊनच परत आल्या. लेबल मराठीत होतं. मला वाचायला सांगितलं. मी वाचलं: सर्पगंधा, आणखी दोन नावं, रात्री एक गोळी पाण्याबरोबर. सर्पगंधा शब्दावर त्यांनी थांबवलं. फोनवर त्या झाडाचं शास्त्रीय नाव शोधलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

त्या म्हणाल्या, या मुळीतून काढलेलं औषध एके काळी जगभर रक्तदाबासाठी द्यायचे. परीक्षेसाठी आम्ही पाठ केलं होतं, पेशंटमध्ये बघेन असं वाटलं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. किडनीच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांच्या आत अॅड्रिनलिनची साठवण असते, धान्याच्या कणग्यांसारखी. संकट आलं की कणग्या उघडतात आणि माल रक्तात जातो. छातीत धस्स होतं ते त्यामुळे, आणि जिना उतरायचं बळ येतं तेही त्यामुळे. हे औषध माल कणगीत भरूच देत नाही. तयार झालेला माल बाहेरच पडून वाया जातो. ग्रंथी ठणठणीत असते आणि कणग्या रिकाम्या राहतात. मेंदूतल्या साठ्यांचंही तेच होतं. रक्तदाब म्हणूनच उतरतो. आणि माणूस म्हणूनच माझ्यासारखा होतो.

"सो माय अँगर," मी विचारलं, "इट इज गॉन?"

"एम्प्टी," त्या म्हणाल्या. "नॉट गॉन. गिव्ह इट सम वीक्स."

जुई कॉटच्या पायथ्याशी उभी होती. बाबाकडे बघून म्हणाली, "सी? आय टोल्ड यू. समबडी टुक हर."

अर्धी

आता या लिखाणातला तो भाग, ज्याबद्दल मैत्रिणीने अट घातली होती.

घरी जायच्या दिवशी डॉक्टरीणबाई कागद भरायला गेल्या होत्या. गोळ्या बंद करायचं ठरलं होतं. सुहास माझी चप्पल शोधत होता, कॉटखाली वाकला होता. तिथूनच म्हणाला, "मेधा, मी विचार करत होतो. पूर्ण बंदच करायला हवी का? अर्धी चालेल का, डॉक्टरांना विचारू या? म्हणजे रक्तदाबही ताब्यात राहील, आणि..."

"आणि?" मी विचारलं.

"आणि घरात जरा बरं चाललंय आपलं," तो म्हणाला.

चप्पल सापडली. त्याने ती माझ्या पायाशी नीट जोडून ठेवली. मी पाय घातले. त्या वाक्याचा अर्थ मला स्वच्छ कळला होता. एकोणीस वर्षं माझ्याबरोबर राहिलेला माणूस मला सांगत होता की अर्धी रिकामी असशील तर जास्त बरी आहेस. मला कळलं, आणि काहीही झालं नाही. छातीत नाही, पोटात नाही. मी म्हटलं, "विचार हवं तर." डॉक्टरीणबाईंनी एका शब्दात नाही म्हणून सांगितलं आणि आम्ही टॅक्सीने घरी आलो.

भरत जाणं

औषध बंद केल्यावर लगेच बरं वाटतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पहिले काही आठवडे मी आधीपेक्षा खाली गेले. सकाळी उठायचं कशाला, हा प्रश्न मला खरोखर पडायचा. मी तो डॉक्टरांना सांगितला. त्यांनी मला मनाच्या डॉक्टरांकडेही पाठवलं आणि मी गेले. तुम्हालाही असं वाटलं तर मोठ्याने सांगा, मनात ठेवून पराक्रम करू नका. या दिवसांत जुई माझ्याजवळ येऊन अभ्यासाला बसायची, बोलायची नाही, फक्त अधूनमधून माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी मोजायची. "स्टिल स्लो," म्हणायची आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालायची.

शैलाताईंनी फोनवर रडून गोंधळ घातला. "मी तुझ्या चांगल्यासाठी पाठवत होते गं. वैद्य फार नावाजलेले आहेत." वैद्यांचं मी काही म्हणत नाही. त्यांनी मला बघायला मागितलं होतं. मला न बघता औषध वाढवलं ते माझ्या नणंदेने, आणि बॅगांमधून पोचवलं ते आमच्या सगळ्यांच्या चांगुलपणाने. हे मी ताईंना तेव्हा सांगू शकले नाही, अंगात बळ नव्हतं. मैत्रिणीची माफी मागून इथे सांगते. ताई, तुमचं प्रेम मला मान्य आहे. माझी चिडचिड तुम्ही वैद्यांकडे लक्षण म्हणून सांगितलीत, ते मान्य नाही.

मग एक दिवस जुईच्या हातून कुकरचं झाकण फरशीवर पडलं आणि मी दचकले. साधं दचकणं! काळजात लक्क झालं आणि हातातला पेला हिंदकळला. जुई "सॉरी, सॉरी" करत होती आणि मी तिला म्हणत होते, "थांब, थांब, बोलू नकोस," कारण मला ती धडधड ऐकायची होती. हळूहळू नाक मोकळं झालं. कंटाळा परत आला, मग उत्सुकता, मग भूक. ऑफिसात निम्मं काम करून देणाऱ्या कंपनीला मी भेटायला बोलावलं, आणि खोलीत शिरताना त्यांना कळलं की त्यांचे चांगले दिवस संपले. रक्तदाबासाठी क्लिनिकची ती साधी गोळी आता रोज घेते. जन्माची मागे लागलीय, लागू दे. ती रक्तदाब उतरवते आणि बाकी मला हात लावत नाही.

ट्रेनमध्ये

शेवटच्या तपासणीला सुहास माझ्याबरोबर आला होता. सगळे आकडे जागेवर होते. डॉक्टरीणबाईंनी हात मिळवला. परतीला आम्ही एमआरटीत, इथल्या मेट्रोत, बसलो. दुपारची वेळ, डब्यात शांतता, सगळे आपापल्या फोनमध्ये. सुहासला शैलाताईंचा फोन आला. तो हात तोंडावर धरून हळू बोलत होता.

"हो, सगळं नॉर्मल आलं. हो, आता पूर्वीसारखी झाली." मग तो जरा हसला. "पूर्वीसारखीच. आता काय करणार."

त्याने फोन ठेवला. आणि तेव्हा ते आलं. तळपायातून निघालं, अगदी म्हणतात तसंच, आणि गुडघे, पोट, छाती करत वर चढलं. कानशिलं तापली. ताईंशी तो जे बोलला त्याच्यासाठी ते आलंच नव्हतं. ते किती आठवडे आधी यायला हवं होतं, हॉस्पिटलच्या कॉटवर, आणि तेव्हा कणगीत दाणा नव्हता.

"अर्धी?" मी म्हटलं.

"काय अर्धी?"

"अर्धी गोळी! तू विचारलं होतंस. माझ्या चपला शोधताना विचारलं होतंस. अर्धी बायको हवी होती का तुला?"

मी केवढ्याने बोलले ते समोरच्या रांगेवरून कळलं. सगळ्यांनी मान वर केली. सुहास पांढराफटक पडला. "मेधा, हळू. लोक बघतायत."

"बघू देत!"

जुरोंग ईस्टला गाडी बदलली, मी थांबले नाही. बुकित बातोकला उतरलो, तरी थांबले नाही. तो जिन्याकडे निघाला, मी त्याला प्लॅटफॉर्मवरच्या बाकाजवळ थांबवलं. सांगितलं की मी मरत होते तेव्हा तू गुणगुणत होतास. सांगितलं की आपल्या पंधरा वर्षांच्या पोरीला जे दिसलं ते तुला दिसलं नाही, कारण तुला बघायचंच नव्हतं. बोलता बोलता मला रडूही आलं, खरं रडू, हुंदक्यांचं. एक गाडी आली आणि गेली.

सुहास बाकावर बसला. मग म्हणाला, "मला आवडली होती ती शांतता. खोटं कशाला बोलू?"

"आवडली असेल. पण तिथे मी नव्हते."

"माहितीये," तो म्हणाला. "पण तू असतेस तेव्हा मी काय करायचं, ते मला कधीच कळलेलं नाही. तू ओरडतेस आणि मी गप्प बसतो. एकोणीस वर्षं गप्प बसलोय. मी थकतो गं."

हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. मी डोळे पुसले. राग अजून होताच, पण आता मला तो आणखी कशासाठी तरी हवा होता.

"उलट ओरड ना," मी म्हटलं.

"काय?"

"मी ओरडले की तूही ओरड. गप्प बसून मला गोळ्यांच्या हवाली करू नकोस. ओरड."

"इथे?"

"इथेच."

त्याने इकडेतिकडे बघितलं. घसा खाकरला. "तू फार त्रास देतेस," तो म्हणाला, लायब्ररीत बोलावं तसं.

"ऐकू नाही आलं."

"तू फार त्रास देतेस, मेधा!"

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या बाई पिशवी उचलून पुढच्या बाकावर गेल्या. सुहास स्वतःच्याच आवाजाने दचकला होता. त्याचा चेहरा लाल झाला होता, श्वास चढला होता. मी त्याच्या शेजारी बसले, छातीवर हात ठेवला. आतलं सगळं जोरात चाललं होतं.

"हं," मी म्हटलं. "आता पुढे बोल."